राखाडी काकूंची तिसरी चौकट

एकतीस वर्षं जिनं रंगांशिवाय दुसरं काही केलं नाही, त्या बाईला सगळा छापखाना ‘राखाडी काकू’ म्हणायचा. त्यात चेष्टा कमी आणि वर्णनच जास्त होतं. खोलीच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी, पडदा राखाडी, आणि सकाळी आल्या आल्या अंगावर गळ्यापर्यंत बटणं लावून चढवायचा तो कोटही राखाडी. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना काहीतरी मोठं दुःख असावं. दुःख कसलं डोंबलाचं! लाल कपडे घालून पांढऱ्या कागदावर वाकलं की कागदावर लाली चढते, मग कागदावरचा रंग खरा कसा दिसणार? एवढी साधी गोष्ट. पण ती एकेकाला समजावत बसण्याइतका धीर काकूंकडे कधीच नव्हता. कुणी लाल स्वेटर घालून दारात उभं राहिलं की त्या आतूनच ओरडायच्या, “तिथूनच बोला!”

छापखाना काही फार मोठा नव्हता. तळमजल्यावर चार रंगांचं मशीन, त्याच्या मागे कागद कापायचं यंत्र, जिना चढून वर गेलं की मालकांची काचेची केबिन, आणि तिच्या पलीकडे काकूंची खोली. लोक आपापल्या कॉम्प्युटरवर डिझाइन करून फाईल पाठवायचे. ती फाईल कागदावर बरोबर उतरेल अशी तयार करायची आणि मगच खाली मशीनकडे सोडायची, हे काकूंचं काम. ऐकायला किती सोपं! पण स्क्रीनवरचा रंग म्हणजे उजेड आणि कागदावरचा रंग म्हणजे शाई, आणि या दोघांचं आपसात फारसं जमत नाही. निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी, या चार शायांमधून जेवढं निघेल तेवढंच कागदाला मिळतं. स्क्रीनवर झगमगणारा पोपटी कागदावर येत नाही म्हणजे नाही, मग कितीही डोकं आपटा.

“पण माझ्या स्क्रीनवर मस्त दिसतंय,” डिझाइन करणारे तावातावानं म्हणायचे.

“मग स्क्रीनच वाटा लोकांना. छापता कशाला?”

असं बोलायच्या, पण त्याच माणसाला समोर बसवून, त्याचा रंग कागदावर जास्तीत जास्त कुठवर नेता येतो ते चार नमुने काढून दाखवायच्या. भांडायला आलेला माणूस जाताना नमस्कार करून जायचा. आणि अंदाजपंचे काम कधीच नाही. दर सोमवारी आपली स्क्रीन मापून घ्यायची. कागद बदलला की सगळं गणित नव्यानं मांडायचं, कारण चकचकीत कागद शाई वर धरून ठेवतो आणि साधा कागद ती पिऊन टाकतो. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा पक्का नमुना, ठरलेल्या दिव्याखालीच बघायचं, आणि बघण्याआधी डोळे राखाडी भिंतीवर टेकवून विसावू द्यायचे. खालचा मशीनदादा म्हणायचा, “काकू प्रूफ बघायला बसल्या की देवळात गेल्यासारखं गप्प राहावं लागतं.” तो हे कुरकुरत म्हणायचा, पण दुसऱ्या कुणाच्या शब्दावर त्यानं शाईचा खटका तसूभर हलवला नसता.

घरीही तीच तऱ्हा. काका घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणजे घरात एकाला सेकंदाचं वेड आणि दुसरीला छटेचं. नणंदेनं एकदा पडद्याचं कापड पसंत करायला काकूंना बरोबर नेलं. काकूंनी ते आत पाहिलं, दुकानाच्या दारात नेऊन पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “आता दुपारच्या उन्हात एकदा बघू.” नणंदेनं कानाला खडा लावला. काका पाहुण्यांना रंगवून सांगायचे, “लग्न ठरायच्या वेळी हिनं मला दिव्याखाली आणि उन्हात, दोन्हीकडे बघितलं होतं.”

“आणि तरी फसले,” काकू आतून म्हणायच्या.

काकूंचा एक नियम होता आणि त्यापायी गिऱ्हाइकं मेटाकुटीला यायची: मूळ वस्तू आणून दाखवा. कापडाचा कॅटलॉग असेल तर कापड आणा, रंगाच्या डब्याचं लेबल असेल तर डबा आणा. फोटोवर विश्वास नाही. एकानं बुटांचा कॅटलॉग छापायला घेतला होता. त्या बिचाऱ्याला चाळीस जोड जिन्यावरून वर चढवावे लागले होते. पण छापून आल्यावर त्याच्या एकाही गिऱ्हाइकानं “फोटोत वेगळा होता” म्हणून बूट परत पाठवला नाही. अशी ही बाई. कुणी तिला विक्षिप्त म्हणो, हट्टी म्हणो, पण कामात तिचा हात धरणारं त्या शहरात दुसरं कुणी नव्हतं.

आणि एवढी पक्की बाई चुकली, त्याची ही गोष्ट आहे.

एका सकाळी लहान मुलांच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई आल्या. त्यांना एक कार्ड छापून हवं होतं, तळहाताएवढं, बाळंत होऊन घरी जाणाऱ्या प्रत्येक आईच्या हातात द्यायला. कार्डावर सहा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत तान्ह्या बाळाच्या शीचा फोटो.

“कशाचा?” मालकांनी विचारलं.

“शीचा,” डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. मालकांनी चहाचा कप खाली ठेवला.

डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. काही बाळांची पित्ताची नळी जन्मतःच बंद असते. पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शीला पिवळा रंग येत नाही, ती फिकट होत जाते. बाळ वरून चांगलं दिसतं, दूध पितं, हसतं. पण दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तरच खरी आशा. उशीर झाला की यकृत कामातून जातं. पहिल्या तीन चौकटी धोक्याच्या, खालच्या तीन ठीक. आईनं लंगोट बदलताना कार्ड शेजारी धरायचं, आणि वरच्या तिन्हींपैकी कशाशीही जुळलं तर त्याच दिवशी बाळाला घेऊन यायचं. “म्हणजे औषध नाही, तपासणी नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “फक्त रंग. रंग चुकला तर कार्ड नसलेलं परवडलं.”

काकू ताठ बसल्या. एकतीस वर्षांत त्यांनी बिस्किटं छापली, बूट छापले, पंखे छापले. रंगावर कुणाचा जीव अवलंबून आहे असं काम पहिल्यांदाच हातात आलं होतं.

खाली मात्र हास्याचे फवारे उडाले. “काकू, मूळ वस्तू मागवणार ना?” मशीनदादानं विचारलं. मालक म्हणाले, “डबा आणा म्हणाल तर मी आजच राजीनामा देतो.” काकूही हसल्या. आणि त्या हसण्यात, मूळ वस्तू न बघता, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या कामाला लागल्या.

सहा फोटोंपैकी पाच पांढऱ्याशुभ्र लंगोटावर काढलेले होते. तिसरा तेवढा वेगळा: त्यातला लंगोट पिवळसर. काकूंच्या अनुभवी डोळ्यानं क्षणात निदान केलं, की फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलाय. असे फोटो त्यांनी हजारांनी दुरुस्त केले होते. फोटोत पांढरी असायला हवी अशी एखादी वस्तू शोधायची, ती पांढरी करायची, की उजेडाचा चढलेला पिवळेपणा सगळ्या फोटोतून उतरतो. लंगोट पांढराच असणार, नाही का? त्यांनी लंगोट पांढरा केला. लंगोटाबरोबर शीसुद्धा पांढरी पडली, खडूसारखी.

डॉक्टरबाई प्रूफवर सही करायला आल्या तेव्हा तिसऱ्या चौकटीपाशी थोड्या घुटमळल्या. “ही जरा जास्तच पांढरी वाटते का हो?”

“फोटोवर दिव्याचा पिवळा रंग चढला होता. मी काढला,” काकू म्हणाल्या, अगदी ठामपणे.

“तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

कार्डं छापून झाली. मोठमोठ्या कागदांचे गठ्ठे खाली वाळत ठेवले होते, दुसऱ्या दिवशी कापायला घ्यायचे होते. कार्डं कुठे आणि कशी पोचवायची ते सांगायला इस्पितळातून सिस्टर आल्या. चांगल्या ठसठशीत, बडबड्या बाई. त्यांनी वरचाच एक कागद उचलला, लांब धरला आणि खो खो हसत सुटल्या.

“अगं बाई! आमच्या वॉर्डातले लंगोट एवढे पांढरे कधीपासून झाले?”

“म्हणजे?” काकूंनी विचारलं.

“हा तिसरा फोटो मी काढलाय ना, भर दुपारी, खिडकीपाशी. बाकीचे दुसऱ्या इस्पितळातून आलेत, त्यांचे लंगोट विकतचे. आमचे कोऱ्या कापडाचे, मुळातच पिवळट. परीट मेला तरी पांढरे व्हायचे नाहीत. तुम्ही धुतलेत वाटतं?”

आजूबाजूचे सगळे हसले. सिस्टर पत्ता लिहून, चहा पिऊन, निरोप घेऊन गेल्याही. काकू मात्र त्या गठ्ठ्याशी तशाच उभ्या होत्या.  पिवळा दिवा नव्हताच तिथे. उजेड खरा होता, कापड पिवळट होतं, आणि त्यांनी जो रंग काढून टाकला तो शीचा स्वतःचा रंग होता. तिसरी चौकट म्हणजे काठावरची चौकट: पांढरी नाही, नीट पिवळीही नाही, आईला चकवणारी. तीच आता खडू झाली होती. म्हणजे फिकट पिवळी शी बघणारी आई कार्ड शेजारी धरणार, म्हणणार, छे, आपली काही एवढी पांढरी नाही, आणि निश्चिंत होऊन झोपणार.

त्या सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. दार ढकललं, बसल्या नाहीत. “ती कार्डं जाणार नाहीत. चूक झालीय. माझी.”

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. “अहो, पण प्रूफवर सही आहे ना डॉक्टरांची?”

“सही त्यांची आहे. रंग माझा आहे.”

“त्यांच्या लक्षात आलं नाही, सिस्टरांच्या आलं नाही...”

“सिस्टरांच्या आलं. त्या हसल्या, एवढंच. आणि डॉक्टरबाईंनी तर विचारलं होतं. मीच तोंड बंद केलं त्यांचं.”  स्वतःचाच इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. “एकतीस वर्षं लोकांना सांगतेय, मूळ वस्तू आणा, मूळ वस्तू आणा. आणि मी? शी म्हणून लाजले. मूर्ख बाई!”

मालक तसे चिकट, कागदाचा तुकडा वाया गेला तरी जीव तुटणारे. पण ते उठले, काचेतून खालच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “किती दिवस पाहिजेत तुम्हाला?” त्या माणसाला या एका वाक्यासाठी शंभर गुन्हे माफ करावेत.

काकू खाली आल्या, मशीनदादाला बाजूला केलं आणि सगळे गठ्ठे स्वतःच्या हातानं यंत्रात घालून तिरके कापले. सरळ कापले असते तर त्यातून कार्डं निघाली असती. चुकून एक जरी बाहेर गेलं असतं तरी त्यांना चालणार नव्हतं. मशीनदादा बघत उभा होता. त्यानं चेष्टा केली नाही.

मग डॉक्टरबाईंना फोन केला. काही लपवलं नाही.  डॉक्टरबाई म्हणाल्या, “उद्या वॉर्डात या. मूळ वस्तू आहे माझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी राखाडी काकू राखाडी कोट घालून मुलांच्या वॉर्डात हजर. पिशवीत रंग मापायचं मीटर, छोटा दिवा आणि रात्री जागून नव्हे तर सकाळी लवकर येऊन, ताज्या डोळ्यांनी काढलेली छापील पट्टी: खडूच्या पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत एकेक पायरी चढत जाणाऱ्या सतरा छटा. आधी कोऱ्या कापडाचा धुतलेला लंगोट मागून घेऊन त्याचा रंग मापला. पिवळट, अगदी सिस्टर म्हणाल्या तसा. फोटोतल्या लंगोटाशी तो तंतोतंत जुळला, म्हणजे फोटो पहिल्यापासून खराच होता.

मग सिस्टर त्यांना कोपऱ्यातल्या खाटेकडे घेऊन गेल्या; तिथल्या बाळाची शी तिसऱ्या चौकटीसारखीच होती. तिथे एक तरुण आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ तीन महिन्यांचं, डोळे पिवळे, पोट फुगलेलं. आदल्याच आठवड्यात आणलं होतं. ऑपरेशन होणार होतं, पण उशीर झाला होता, आणि पुढचं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

आईनं नुकताच बदललेला लंगोट सिस्टरांनी खिडकीपाशी पसरला. काकू त्याच्यावर वाकल्या आणि सतरा छटांची पट्टी शेजारी धरून एकेक पायरी सरकवत बघू लागल्या. ना लाज, ना नाकाला पदर. बाळाची आई बघत होती.

“काय करताय?” तिनं विचारलं.

काकूंनी सरळ सांगितलं, “एक कार्ड करतोय. आयांना बघता यावं म्हणून. माझ्याकडून त्यातला एक रंग चुकला होता, तो नीट करायला आलेय.”

आई बाळाला खांद्यावर घेऊन उठली आणि उजेड अडणार नाही अशी बाजूला उभी राहिली. “बघा,” ती म्हणाली. “नीट बघा.”

काकूंनी नीट बघितलं. उन्हात, सावलीत, दिव्याखाली. दर वेळी पट्टीवर खूण केली. तिन्ही खुणा शेजारशेजारी पडल्या, खडूपासून पाच पायऱ्या पुढे.

चार दिवसांनी नवं प्रूफ निघालं. ते वाळून रंग स्थिर होईपर्यंत काकूंनी कुणाला हात लावू दिला नाही. मीटरनं मापलं, बरोबर. डॉक्टरबाईंनी पाहिलं, मान डोलावली आणि सही करायला पेन काढलं.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “मघाशी मी मापलं, आता तुम्ही बघितलंत. पण कार्ड आपल्या दोघींसाठी नाहीये. ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी एकीला दाखवू द्या आधी.”

डॉक्टरबाईंना कळलं कुणाला ते. त्या म्हणाल्या, “तिला त्रास होईल.”

“होईल,” काकू म्हणाल्या. “तिनं नको म्हटलं तर मी परत फिरेन.”

बाळाचं ऑपरेशन दोनच दिवसांपूर्वी झालं होतं. ते नळ्यांमध्ये झोपलं होतं आणि आई खाटेच्या कडेला बसून त्याचं पाऊल हातात धरून होती. काकूंनी कशासाठी आलेय ते सांगितलं. आईनं हात पुढे केला. काकूंनी कार्ड दिलं, कुठली चौकट धोक्याची, कुठली ठीक, एक शब्द सांगितला नाही. वर लिहिलेली अक्षरंही त्यांनी कागद दुमडून झाकली होती. फक्त सहा रंग.

“तुमचं बाळ महिन्याचं होतं तेव्हाचं आठवतं?”

आईला विचार करावाच लागला नाही. तिचं बोट पहिल्या चौकटीवर थांबलं नाही, दुसरीवर थांबलं नाही. तिसऱ्या चौकटीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

“हाच,” ती म्हणाली. “अगदी हाच. मला वाटलं, पिवळाच आहे की, थोडा फिकट असेल.” मग कार्डावरची नजर न काढता म्हणाली, “आणि मी रोज धुऊन टाकत होते.”

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.  त्या तिच्या शेजारी खाटेच्या कडेवर बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन बराच वेळ तशाच बसून राहिल्या. कार्ड आईच्या मांडीवरच होतं. काकूंनी ते मागितलं नाही.

मग वॉर्डाच्या जिन्यात येऊन त्यांनी डोळे पुसले आणि छापखान्यात फोन लावला. मशीनदादानं उचलला.

“तिसरी चौकट पास,” काकू म्हणाल्या. “चालू कर.”